दोन नमुन्यांचा एक झगा

सणवार जवळ आला की मुलाबाळांच्या घरी एक प्रश्न हटकून उभा राहतो. थोरलीस नवे कापड घेतले जाते आणि धाकटीच्या वाट्यास थोरलीचे उतरलेले येते. धाकटी तक्रार करीत नाही; परंतु एखादे तरी वस्त्र आपल्याच अंगाचे असावे, ही इच्छा तिच्याही मनात असते. अशा वेळी पुष्कळ माता आम्हांस विचारतात, “घरात पोलक्याचा एक कागदी नमुना आहे, परकराचा दुसरा आहे, दोन्ही मिळून मुलीचा झगा शिवता येईल काय?” आम्ही शिंपी नव्हे. तथापि जाणत्या हातांना विचारून जे समजून घेतले, ते या आठवड्यास येथे मांडतो.

झगा शिवता येतो, आणि चांगला येतो. परंतु दोन नमुने एकमेकांस नुसते चिकटवून तो होत नाही. पोलके आणि परकर ही दोन्ही वस्त्रे स्वतंत्रपणे अंगावर राहावीत अशा रीतीने बेतलेली असतात. पोलके कमरेच्या खाली उतरते. परकर नाडीच्या बळावर कमरेस राहतो. झग्यामध्ये या दोहोंची गाठ एकाच शिवणीवर पडते. ती शिवण कोठे पडावी हे कागदाने ठरवावयाचे नाही, मुलीच्या अंगाने ठरवावयाचे आहे. एवढे ध्यानात राहिले की निम्मे काम झाले.

कागदी नमुन्याची गोष्ट तशी फार जुनी नव्हे. अमेरिकेतील एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस काढले. तत्पूर्वी घरी शिवणारी बाई जुने वस्त्र उसवून त्यावरूनच नवे बेतीत असे. बटरिकच्या नमुन्यांमुळे एकच वस्त्र लहानमोठ्या मापांत बेतणे सोपे झाले. परंतु कागद हा कोणा एका मापाचा असतो, आणि लेकरे मापाप्रमाणे वाढत नाहीत. सात वर्षांची एक मुलगी खांद्याने अरुंद व कमरेने भरलेली असते, तर दुसरी उंच आणि काटकुळी. आज दुकानांत तयार झगे वयाच्या आकड्यावर टांगलेले मिळतात. ते एकीस खांद्यावरून ओघळतात आणि दुसरीस काखेत रुततात, याचे कारण हेच. वरचा भाग एका नमुन्याचा आणि खालचा दुसऱ्याचा घेण्यामागे केवळ काटकसर नाही. पुष्कळदा मुलीच्या अंगास तेच योग्य असते.

जोड म्हणजे उणेपणा असे कोणी समजू नये. आपल्या आया-आज्यांनी हौसेने नेसलेले इरकल लुगडे पाहावे. बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावी ते विणले जाते. त्याच्या अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. एका ताण्याचे फासे दुसऱ्या ताण्याच्या फाशांत अडकवून विणकर ही दोन अंगे मागावरच जोडतो. या रीतीस तिकडे ‘टोपे तेणी’ म्हणतात. शोभा त्या जोडाने कमी होत नाही. उलट त्यावरूनच इरकल ओळखले जाते. तेथे फाशास फासा मिळावा लागतो. आपल्या झग्यात इंचास इंच मिळावा लागतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम मुलीच्या कमरेस एक सुतळी सैलसर बांधावी. ती जेथे स्थिरावेल तीच कंबर. खांद्यापासून सुतळीपर्यंतचे अंतर, छाती आणि कंबर अशी तीन मापे लिहून घ्यावीत. समजा, छाती २४ इंच, कंबर २२ इंच आणि खांद्यापासून कंबर १० इंच भरली. श्वास घेण्यास व हात हलविण्यास जागा हवी, म्हणून छातीत ४ इंच व कमरेत २ इंच सैल धरावे. म्हणजे तयार झगा छातीत २८ आणि कमरेत २४ इंच व्हावयास हवा. चौपट घडीवर हे अनुक्रमे ७ आणि ६ इंच होतात.

पोलक्याचा नमुना कमरेच्या खाली गेलेला असतो. त्यावर खांद्यापासून १० इंचांवर खूण करावी, शिवणीसाठी अर्धा इंच सोडावा आणि तेथे वरचा भाग संपवावा. गळा आणि मुंढा यांस हात लावू नये. नमुना घेतला तो त्यांच्यासाठीच.

परकराचा नमुना सहा कळ्यांचा आहे असे धरू. २४ इंच कमरेस प्रत्येक कळी वरच्या बाजूस ४ इंच हवी. दोन्हीकडची शिवण धरून ५ इंच. परंतु नमुना थोरल्या बहिणीचा असेल आणि त्याची कळी शिवण सोडून ५ इंच असेल, तर सहा कळ्यांचे ३० इंच होतात. म्हणजे ६ इंच अधिक. पुष्कळ जणी येथे एकाच बाजूने सहा इंच कापून टाकतात आणि झगा अंगावर वाकडा बसतो. तसे न करता प्रत्येक कळीच्या कागदास मधोमध उभी घडी घालावी आणि एक इंच कागद आत दडवावा. सहा कळ्यांतून सहा इंच सारखे निघतात आणि कागदही शाबूत राहतो. पुढे मुलगी वाढली की तीच घडी थोडी उलगडावी.

येथे तीन खड्डे आहेत. पहिला नेफ्याचा. परकरास नेफ्यासाठी कमरेच्या वर जागा ठेवलेली असते. झग्यास नाडी नसल्याने ती वगळावी. दुसरा लांबीचा. कळी वर अरुंद आणि खाली रुंद असते. लांबी कमी करण्यासाठी ती वरून कापली तर कंबर पुन्हा मोठी होते. म्हणून लांबी नेहमी खालून कमी करावी. तिसरा खड्डा सर्वांत मोठा, तो उघडीचा. पोलके पुढून उघडते आणि परकर नाडी सोडल्यावर सैल होतो. दोन्ही जोडले की कंबर बांधली जाते आणि झगा मुलीच्या खांद्यांतून उतरतच नाही. यासाठी पाठीचा भाग दोन तुकड्यांत बेतून त्यास बटणपट्टीपुरते कापड अधिक ठेवावे, आणि मागच्या मधल्या कळीच्या मध्यावर कमरेखाली चार इंचांची चीर ठेवून तिला पट्टी लावावी. पुढे तीन व मागे तीन कळ्या आल्या की वरच्या भागाच्या बगलेच्या शिवणी कळ्यांच्या शिवणींवर बरोबर येतात. त्या तशा आल्या नाहीत तर माप कोठे तरी चुकले, असे समजून टीप मारण्याआधीच थांबावे.

कापडाचाही विचार हवा. साध्या छिटास किंवा पॉपलिनला कळ्या शोभतात. खणाचे अथवा काठाचे कापड असेल तर कळी बेतताना काठ तिरपा कापला जाऊन वाया जातो. तेथे कळ्यांचा नमुना बाजूस ठेवून सरळ पट्टे घ्यावेत, काठ खाली येऊ द्यावा आणि वर चुण्या घालाव्यात. आजीच्या जुन्या लुगड्याचा झगाही असाच सुंदर होतो.

वर एक कापड आणि खाली दुसरे घेणार असाल, तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावीत आणि मगच बेतावीत. एक आधी आटलेले व दुसरे कोरे असेल तर पहिल्या धुण्यातच शिवण आकसते. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हा प्रभूने दिलेला दाखला आपण चर्चमध्ये ऐकतो. शिवणाऱ्या बाईस तो नुसता दाखला नव्हे, रोजचा अनुभव आहे.

इतके झाल्यावरही चांगल्या कापडास एकदम कात्री लावू नये. जुन्या चादरीच्या तुकड्यावर झगा आधी बेतावा, धावदोऱ्याने जोडावा आणि मुलीच्या अंगावर घालून पाहावा. तिला दोन्ही हात वर करावयास सांगावे, खाली बसवावे. कंबर वर चढली तर वरचा भाग अर्धा इंच वाढवावा. या कामात एक संध्याकाळ जाते हे खरे. पण ज्या घरी वर्षातून एकदाच नवे कापड येते, तेथे कात्रीची एक चूक म्हणजे मुलीचा सण गेला आणि आईच्या जिवास वर्षभराची चुटपुट लागली. त्या चुटपुटीपेक्षा एक संध्याकाळ खचित स्वस्त. खालच्या घडीत तीन-चार इंच कापड दुमडून ठेवावे, म्हणजे तोच झगा पुढल्या वर्षीही चालतो.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील आपली घरे १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यात होती आणि त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून कन्नड राज्यात आली. आपल्या घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि शिंप्याच्या दुकानात नेफा व अस्तर हे फारसीतून आलेले शब्द. दोहोंचा मेळ घालणे आपणांस नवे नाही. तेव्हा हे कामही आपल्या लेकींस शिकवावे, आणि लेकरांतील मुलग्यांसही शिकवावे. दुकानात शिवणयंत्रावर पुरुष बसतो तेव्हा त्यास कोणी हसत नाही. मग घरात मुलाने सुई धरली तर कमीपणा कसला?

शेवटी एक सूचना. झगा झाल्यावर ते दोन्ही कागद चुलीत घालू नका. दोन्ही एकत्र गुंडाळून त्यांवर मुलीचे नाव, तिची तीन मापे आणि तारीख लिहा, आणि गुंडाळी खुंटीस टांगून ठेवा. पुढल्या वर्षी पुन्हा सुतळी बांधाल तेव्हा लेकरू किती वाढले हे त्या कागदावरूनच समजेल. आणि धाकटीलाही कळेल की घरात तिच्या नावाचा एक नमुना आहे.