पोच मागून घ्या
सायखेड्याच्या गोदाकाठी कांदा काढून झाला, द्राक्षांची खरड छाटणी आटोपली, की पाऊस लागेपर्यंत मजुरांच्या हाताला सलग काम नसते. अशा वेळी सरकारकडे काम मागणे ही याचना नव्हे, हक्क आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 साली केला. मागितल्यापासून 15 दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता, ही तरतूद त्यातलीच. पण भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया! 2005 च्या केंद्रीय कायद्याने तो पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा ठरवला. तरीही भत्ता मिळालेला मजूर शोधावाच लागतो, कारण मागणी कागदावर येतच नाही. ‘बघू, काम निघालं की कळवू’ एवढे ऐकून माणूस घरी परतला, की त्या 15 दिवसांची मोजणी सुरूच होत नाही. म्हणून काम मागणीचा अर्ज, म्हणजे नमुना 4 भरायचा, काम कधीपासून हवे ते लिहायचे आणि तारीख-सहीची पोच तिथल्या तिथे घ्यायची. रोजगार हमीचे आपले जॉबकार्डही दुसऱ्याकडे ठेवायला देऊ नये. काम मिळाले तरी कधी केलेल्या कामाची मजुरी अडकते. आधार आणि बँकेतल्या नावात एका अक्षराचा फरकही तेवढ्याला पुरतो. मजुरी अडकल्याची तक्रारही पंचायत समितीत किंवा तहसील कचेरीत लेखीच द्यावी. गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनो, वस्तीतल्या एका तरी मजुराचा अर्ज या आठवड्यात भरून द्या.