सोंगांच्या रात्री आणि आपले कान

होळी झाली की आपल्या भागात एक वेगळीच साथ सुरू होते. तिच्यावर औषध नाही आणि असूही नये. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडे लागतात. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, ती पंधरा दिवस चालते. दिवसभर काम आणि रात्रभर जागरण करणारे कितीतरी रसिक डहाणू-तलासरीत आहेत. माझा एक तरुण पेशंट त्यांतलाच. दर उन्हाळ्यात मोटारसायकलवर टांग मारून बोहाड्याला जातो. मुखवट्याच्या बारीक भोकांतून नाचणाऱ्याला धड दिसत नाही, तो निम्मा कानांवर चालतो, संबळाचा ठेका बदलला की पाऊल बदलतो, हे त्यानेच मला सांगितले. मी पन्नाशी ओलांडली तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते!

गेल्या वर्षी एका गावी सोंगांच्या आधी करमणुकीसाठी डीजे लावला होता. हा गडी जागा अडवण्यासाठी अडीच-तीन तास थेट बॉक्ससमोर उभा राहिला. सकाळी कानात रातकिडे ओरडू लागले. घरच्यांनी लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडले. माझ्याकडे आला तेव्हा आठ दिवस उलटले होते. तक्रार काय, तर 'डॉक्टर, सनई लांबून वाजल्यासारखी वाटते.'

वाचकहो, हे लक्षण ध्यानात ठेवा. आपल्या आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार अतिसूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या थकतात, आणि मारा फार झाला तर मरतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पहिला घाव उंच पट्टीच्या आवाजावर पडतो. बोललेले ऐकू येते, म्हणून माणूस गाफील राहतो. सनईची वरची जागा, पोराबाळांचे बोलणे मात्र अंधुक होत जाते. म्हणजे ज्याला संगीताचे वेड, त्याचेच नुकसान सर्वांत मोठे.

आता थोडे गणित. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो. त्यावर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे, आणि बॉक्ससमोर १०० ही काही मोठी गोष्ट नाही. पण मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरवरून आठ मीटरवर या, पंधरा मिनिटांचे चार तास होतात. पैसा लागत नाही, फक्त पुढची जागा सोडावी लागते. तेवढे मात्र आपल्याला जमत नाही.

संबळसुद्धा काही हळू वाजत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, वाजवणाऱ्यानेही कान जपावेत. पण संबळवाला सोंगाबरोबर पुढे सरकतो, मध्ये दम घेतो. बॉक्सला दम लागत नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. माझे स्पष्ट मत आहे की पोलिसांची वाट न पाहता गावकमिटीनेच बॉक्स आवरावेत. ते बायका-मुले बसतात त्या बाजूला तर मुळीच तोंड करून ठेवू नयेत. कडेवरच्या बाळाला 'कान दुखतो' असे सांगताही येत नाही.

कापसाचे बोळे घालून भागत नाही. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, ते पिळून नीट आत बसवावेत. कानात तेल, लसूण, काडी काहीही घालू नये. कानातला आवाज एक-दोन दिवसांत थांबला नाही, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर आठवडा थांबू नका. वापी किंवा पालघरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी औषधाचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांत.