माळढोक ऑप्शनला

बारावीच्या जीवशास्त्राच्या एनसीईआरटी पुस्तकातला शेवटचा धडा जैवविविधतेचा आहे. लातूरच्या एखाद्या वसतिगृहात रात्री साडेअकराला तो उघडून बसलेली सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. डोडो मॉरिशसचा, क्वागा आफ्रिकेचा, थायलसिन ऑस्ट्रेलियाचा. व्हिक्टोरिया तळ्यात नाइल पर्च मासा सोडला आणि तिथल्या सिक्लिड माशांच्या दोनशेहून अधिक जाती संपल्या. हे सगळं तिला तोंडपाठ आहे, कारण नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे जीवशास्त्राचे, आणि सर म्हणतात, या धड्याला वेटेज चांगलं आहे. परकीय वनस्पतींच्या यादीत पार्थेनियमही येतं. वसतिगृहाच्या कुंपणाशी माजलेलं गाजर गवत ते हेच. भारतात ते १९५०च्या दशकात पहिल्यांदा आपल्या पुण्यातच नजरेस आलं. पण पेपरात हे विचारत नाहीत. आणि जे विचारत नाहीत, ते ऑप्शनला टाकायचं, हे दहावीपासून पोरांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

याच मुलीने सकाळी लातूरहून एसटी पकडली, तर दुपारच्या आत ती सोलापूरजवळच्या नान्नजला पोचेल. कुसळी गवताचा माळ, काळविटांचे कळप, नशिबात असला तर लांडगा. हा मुलूख माळढोकाचा. पावसाळ्यात नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून माळावर उभा राहायचा आणि मादीला घातलेली त्याची घुमणारी साद लांबवर ऐकू यायची. १९७९ मध्ये इथे अभयारण्य झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं, गावं, रस्ते सगळंच आलं. लोक वैतागले आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. पक्षी मात्र दोन्ही आकड्यांत टिकला नाही. आता महिनोन्महिने तिथे माळढोक दिसत नाही. देशभरात दीडशेच्या आत उरलेत, तेही बहुतेक जैसलमेरकडे. मादी एका खेपेला सहसा एकच अंडं घालते, आणि ते उघड्या जमिनीवर. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढ्या जड पक्ष्याला समोरची विजेची तार वेळेत दिसत नाही, दिसली तरी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने त्या आदेशाला मुरड घातली आणि समिती नेमली.

त्या धड्यात माळढोकाचं नाव नाही.

या वयाच्या मुलांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही, ती मोबाइलमध्ये बुडालेली असतात, असं मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. खरं उलट आहे. हवामानबदलाबद्दल २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वर्षांच्या दहा हजार मुलामुलींचं सर्वेक्षण ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये छापून आलं. त्यात जवळपास ६० टक्क्यांनी आपण फार काळजीत असल्याचं सांगितलं. पक्षी, प्राणी, जंगल यांच्याबद्दलची हळहळ याच काळजीतली. फरक एवढाच की रँकच्या भीतीला घरात नाव आहे, त्यावर उपाय आहेत, समुपदेशक आहेत, देवळात नवसही आहेत. माळढोक संपतोय म्हणून पोरीला झोप लागत नाही, असं सांगायची सोय मात्र कुठल्याच घरात नाही. सांगितलंच तर उत्तर तयार असतं: ‘आधी नंबर लागू दे, मग काय ते पक्षी बघ.’

हे म्हणणारा बाप खलनायक नव्हे. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून अधिक मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखभराच्या आसपास. फीसाठी ज्याने शेताचा तुकडा विकलाय, त्याला माळावरच्या पक्ष्याचं कौतुक कसं असणार? पण या शर्यतीची किंमतही लपलेली नाही. २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे, आणि त्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असं नाही. तरीही ज्या वयात जगण्याशी बांधून ठेवणारा एखादा वेडा छंद हवा, त्याच वयात आपण तो सगळ्यांत आधी कापतो, हे विसरता येत नाही.

आता यावर आपल्याकडे एक ठरलेला उपाय असतो: गुण द्या. तो करून झालाय. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं आणि यथावकाश तो विषय बारावीच्या गुणपत्रिकेत आला. ६५० च्या बेरजेत ५० त्याचे. मग काय, घरोघरी ‘पर्यावरणाची जर्नल’ सुरू झाली. मागच्या वर्षीच्या ताईची वही आणायची, ‘आमच्या परिसरातील जलप्रदूषण’ हा प्रकल्प जसाच्या तसा उतरवायचा, स्टेशनरीच्या दुकानातून वाघाचं चित्र आणून डकवायचं. ओढ्यापर्यंत कुणीच गेलेलं नसायचं, गुण मात्र पन्नासातले सत्तेचाळीस. आज बेरीज ६०० ची आहे. ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ला नुसती श्रेणी मिळते, त्यामुळे आता ताईची वही शोधायचेही कष्ट कुणी घेत नाही. उद्या माळढोकावर दहा गुण ठेवले, तर परवा त्याचं गाइड निघेल.

अशा वेळी सालिम अलींचा दाखला देण्याचा मोह होतो. मॅट्रिक कसेबसे पास झाले, कॉलेज अर्धवट सुटलं, तरी पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकार झाले. हा दाखला पोरांच्या तोंडावर फेकू नये. त्यांच्या पाठीशी अमिरुद्दीन तय्यबजींसारखा शिकारी मामा होता आणि मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटीचं दार उघडं होतं. वसतिगृहातल्या मुलीपाशी आहे तो बायोमेट्रिक हजेरीचा पंच आणि रविवारची टेस्ट.

तेव्हा मागायचं ते गुण नव्हे, वेळ. महिन्यातला एक रविवार टेस्टविना सोडायला क्लासवाल्यांचं फार काही बिघडत नाही. जीवशास्त्राच्या सरांनी तो शेवटचा धडा एकदा फळ्याऐवजी गायरानावर घ्यावा. सरकारी दप्तर ज्याला ‘पडीक’ म्हणतं, त्या जमिनीवर किती जीव राहतात, हे एका सकाळीत कळतं, आणि सहजीवनाचा प्रश्नही मग पाठ करावा लागत नाही. एवढंही जमत नसेल तर गच्ची आहे. फेब्रुवारीत जगभर चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. २०१३ पासून भारतातले लोकही तीत भाग घेतात. एका जागी पंधरा मिनिटं थांबायचं, दिसेल ते मोजायचं आणि नोंदवायचं. पंधरा मिनिटांत पोरांची रँक घसरत असेल, तर ती रँकच तपासायला हवी.

वेळापत्रक मात्र खरोखर वैरी आहे. नान्नजचा माळ पावसात जागा होतो, तेव्हा बारावीचा पोर्शन निम्म्यावर आलेला असतो. कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर येतात ती साधारण फेब्रुवारी ते मे या काळात, नेमकी बोर्डाच्या धामधुमीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथल्या गावकऱ्यांना सोबत घेऊन हे काम उभं केलं. पहाटे कासवमित्र किनारा तुडवतात. मादीने घातलेली शंभरेक अंडी उचलून, कुंपणातल्या वाळूत तेवढाच खोल खड्डा करून ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. पन्नासेक दिवसांनी सकाळ-संध्याकाळ ती टोपली उचलून बघायची. खाली कधी काहीच नसतं. कधी तळहातावर मावतील अशी काळी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. त्यांना पाण्याच्या थोडं अलीकडे सोडतात. ओल्या वाळूवर नक्षी काढत ती आपली आपण जातात, आणि पहिली लाट बहुतेकांना उलटं पाडते.

दहावीचा शेवटचा पेपर बहुधा भूगोलाचा असतो. मार्चमध्ये तो संपतो, तेव्हा वेळासच्या काही टोपल्या अजून उचलायच्या असतात. अकरावीच्या फाउंडेशन बॅचचे फलक मात्र परीक्षा केंद्राच्या फाटकावर आधीच लागलेले असतात. पहिलं लेक्चर सोमवारी, सकाळी सातला.