जुन्या ट्रकच्या केबिनला रंग देताना

आपल्यातील कितीतरी घरांची चूल ट्रकवर पेटते. कुणी चालक, कुणी क्लीनर, तर कुणाचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते. पासिंगची तारीख जवळ आली की जुन्या केबिनला रंग देण्याची घाई सुरू होते. या महिन्यात आम्ही त्याच कामाविषयी लिहीत आहोत, कारण त्याची धूळ गॅरेजात थांबत नाही, घरापर्यंत येते.

रंग किती वर्षे टिकेल, हे खालच्या तयारीवर ठरते. आधी बंपर, दिवे, वायपर, आरसे आणि दरवाज्यांचे रबर काढून घ्यावे. केबिन साबणाच्या पाण्याने धुवावी, मग थिनरच्या फडक्याने ग्रीस पुसावे. तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही. नंतर गंज शोधावा. तो बहुधा मॅटखालच्या तळाला, पायरीला, दरवाज्याच्या खालच्या कडेला आणि पुढच्या काचेच्या रबराखाली लपलेला असतो. सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर सोडवावी, सीट आणि मॅट बाहेर काढावे. थिनरचे डबे दूर ठेवावेत.

उघड्या पत्र्यावर लगेच प्रायमर मारावा, नाहीतर दमट हवेत पुन्हा गंज चढतो. पुटी फक्त खड्डे भरण्यापुरती, पातळ लावावी. जाड थर हादऱ्यांनी तडकतो. पुटी १२०-१८० नंबरच्या पेपरने, तर प्रायमर ३२०-४०० नंबरच्या पाणीपेपरने घासावा. शेवटी रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात थोडा सुकल्यावर द्यावेत. पावसाळी दमट दिवशी फवारणी टाळावी, रंगावर पांढरट झाक येते. रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करावी, कारण आरसी बुकात रंगाची नोंद असते.

गाडी विकायची असली की गंज पुटीखाली दडवण्याचा मोह होतो. पण सडलेली पायरी उद्या दुसऱ्या कुणा चालकाच्या पायाखाली तुटेल. मालातला ऐब सांगून विकावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते ट्रकलाही लागू आहे.

आता मुद्दा घराचा. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर सरकारने २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली. ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. वाहनांचे औद्योगिक रंग या नियमांत येत नाहीत. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते. अब्बा कामावरून आले की लहानगे धावत येऊन बिलगते आणि कपड्यांवरची धूळ त्याच्या हाताला, तोंडाला लागते.

दुसरा धोका हार्डनर घालून मारायच्या पीयू रंगाचा. त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून तो अडत नाही. अशा फवारणीला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. ती सोय नसेल तर ते काम सोय असलेल्या ठिकाणी द्यावे, किंवा साधे इनॅमल वापरावे. त्यालाही वाफ अडवणारा काडतुसी मास्क आणि मोकळी हवा हवीच.

गॅरेजात काम करणाऱ्या भावांना आमची विनंती आहे की कामाचे कपडे वेगळे ठेवा, खाण्यापूर्वी साबणाने हात-तोंड धुवा आणि शक्य तर घरी निघण्यापूर्वीच अंघोळ करून कपडे बदला. भगिनींनी ते कपडे घरात झटकू नयेत, मुलांच्या कपड्यांसोबत धुऊ नयेत. घराच्या अंगणातच काम चालत असेल तर मुलांना लांब ठेवा आणि शेवटी जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या. ज्याला काम करताना धाप लागते किंवा रात्री खोकला येतो, त्याने डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा. घरात लहान मूल असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करावी का, हेही त्यांना विचारावे.