फाईलबाहेरचं पोर

“पोऱ्याले काय व्हयनं? खाई-पिई राहिना ना!” मुलांच्या मानसिक उपचारांचा विषय काढला की आमच्या एरंडोलकडे पहिला आक्षेप हा. दुसरा जरा शिकलेला: जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फुकट नंबर २०२२ पासून चालू आहे, आणखी काय दारात आणून द्यायचं?

पहिल्याचं उत्तर सोपं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाची सुमारे सात टक्के मुलं मानसिक आजाराने त्रस्त आढळली. म्हणजे साठांच्या वर्गात चार. तीही खातात-पितात.

दुसरा आक्षेप कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात नेऊन तपासू. कर्जापायी बापाने जीव दिला, की तहसीलमध्ये फाईल उघडते. सातबारा, कर्जाचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल. समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरलं तर घराला एक लाखाची मदत. निकष जमिनीचे आणि कर्जाचे. झोप उडालेल्या पोराशी त्यांना कर्तव्य नाही.

त्या पोराला जळगावला न्यायचं कुणी? वेचणीच्या दिवसांत आईची रोजी बुडते, एसटीत नि रांगेत दिवस मोडतो, आणि हे एका खेपेत भागत नाही. फोन मोठ्यांच्या खिशात. आणि राहतं छप्परच धोक्याचं असेल तर? २०२३ मध्ये एरंडोल तालुक्यातल्याच मुलींच्या बालगृहातलं अत्याचाराचं प्रकरण उघडकीस आलं. आरोपी तिथलाच काळजीवाहक. त्या मुलींना डॉक्टरकडे कोण नेणार होतं? मोठा माणूस दवाखान्यात स्वतः जातो, मुलाला न्यावं लागतं. आणि ज्याला गरज सर्वांत जास्त, नेणारं माणूस नेमकं त्यालाच नसतं.

म्हणून सेवेनेच मुलाकडे यायला हवं. ही मेहेरबानी नव्हे. उपचारांसाठी लांब जावं लागू नये, असं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ सांगतं. मुलंही त्यात आली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावलं. मोठं इस्पितळ कुणी मागत नाही. ग्रामीण रुग्णालयात मुलांसाठी आठवड्याचा एक ठरलेला वार, गावोगावच्या शाळांत फिरणारा समुपदेशक (शाळेतच भेट झाली तर बोभाटाही होत नाही), आणि तहसीलच्या त्या फाईलमध्ये एक रकाना: ‘मुलांना कोण भेटलं?’

पात्र-अपात्र मग सावकाश ठरवा. पोराला भेटायला सातबारा लागत नाही.