बोहाडा बघा, पण समतेच्या नजरेने!

जव्हार आणि मोखाडा ही नावे मराठी वर्तमानपत्रांत बहुधा एकाच कारणाने छापली जातात, ते म्हणजे कुपोषण. १९९२ साली जव्हारमधल्या वावर-वांगणीची बालके दगावली तेव्हा, आणि २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी सरकारला जाब विचारला तेव्हा शहरांना हे तालुके आठवले. २०२६ च्या जानेवारीत जव्हार तालुक्यातील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली आणि जरा वेगळी बातमी आली. आनंदच आहे. पण पुरस्काराने बघणाऱ्यांची नजर बदलते काय?

आपण तारपा नाच बघतो तो कुठे? मंत्र्यांच्या स्वागताला! साहेब गाडीतून उतरून व्यासपीठावर चढेपर्यंत पाच मिनिटांचा नाच. खुर्चीत बसणारा बघणार आणि उन्हात उभा असलेला नाचणार! असे बघून कोणाची दृष्टी व्यापक होत नाही. उलट, उतरंडीची सवय आणखी पक्की होते.

तोच नाच भाताचे पीक तयार झाल्यावर पाड्यावर जाऊन बघा. सुकवलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण एवढ्यावर बनलेला तारपा मध्यभागी वाजतो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. वादकाने सूर बदलला की पाऊल बदलते. तिथे ना व्यासपीठ, ना राखीव खुर्ची. शिवाय हा एकच नाच नाही. ढोल नाच आहे, गौरी नाच आहे, कांबड नाच आहे. होळीपासून पुढे गावोगाव बोहाडा रंगतो. संबळाच्या तालावर मुखवट्यांची सोंगे रात्रभर नाचतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या सर्वांना ‘आदिवासी’ या एका शब्दात कोंबणाऱ्या शहरी माणसाला तिथे पहिल्यांदा कळते, की या समाजांची चाल, ताल आणि पोशाख एक नाही. एका रात्रीत एवढे कळणे ही छोटी गोष्ट नाही.

मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. यातला कोणता नाच ‘शास्त्रीय’ आणि कोणता नुसता ‘लोकनृत्य’, हे ठरवले कोणी? दक्षिणेत देवदासी स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या जपलेला नाच विसाव्या शतकात उच्चवर्णीयांनी हाती घेतला आणि भरतनाट्यम म्हणून प्रतिष्ठित केला. नाच वर गेला, नाचणारी मात्र खालीच राहिली. महाराष्ट्रात लावणी डोक्यावर घेणाऱ्यांनी कोल्हाटी समाजाच्या स्त्रीला कोणती प्रतिष्ठा दिली? नाचाला जात चिकटवणारी ही व्यवस्था पाड्यावरच्या रिंगणात उघडी पडते.

आपल्यातलाच एखादा बंधू विचारील, १९५६ साली देव सोडलेल्यांनी देवादिकांची सोंगे का बघावीत? प्रश्न रास्त आहे. गावच्या मिरवणुकीत वाजवण्याचे काम आपल्या बापजाद्यांनी टाकून दिले, कारण ते लादलेले होते. पण कमीपणा वाद्यात नव्हता, सक्तीत होता. म्हणूनच भीमराव कर्डकांनी जलसे उभे केले आणि वामनदादांनी आयुष्यभर गाणी रचली. बोहाड्यात देवी महिषासुराशी लढते तेव्हा हात जोडायची गरज नाही. हा महिषासुर कोण, त्याला असुर कोणी म्हटले, हे आपण विचारावे आणि आदिवासी बांधव त्या कथेचे काय सांगतात तेही ऐकावे. श्रद्धा न ठेवताही आदराने बघता येते.

‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी आदर्श समाजाची एक खूण सांगितली आहे. त्या समाजातील गटांमध्ये मोकळे दळणवळण हवे आणि अनुभवांत सर्वांचा वाटा हवा, असा त्यांचा आशय आहे. आपल्या वस्तीतून किती माणसे मोखाड्याच्या पाड्यावर गेली? जयंतीला डीजेवर लाखो रुपये उधळणाऱ्या मंडळांनी एखादे तारपा पथक पूर्ण मानधन, प्रवासखर्च आणि पूर्ण वेळ देऊन का बोलावू नये? आश्रमशाळेतल्या मुलांपुढे भीमगीते आणि आपल्या मुलांपुढे तारपा, असा देवघेवीचा व्यवहार का होऊ नये?

आणि तिथे गेलात तर नाच संपल्यावर लगेच परतू नका. दिवाळीनंतर पाडे ओस का पडतात, माणसे वीटभट्ट्यांवर का जातात, उन्हाळ्यात बायकांना पाण्यासाठी किती चालावे लागते, १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार प्रत्यक्षात किती मिळाला, हेही विचारा. ज्यांच्या तालाला आपण टाळी देतो, त्यांच्या जमिनीच्या, पाण्याच्या आणि पोटाच्या लढ्यात आपण उभे राहिलो, तरच आपली दृष्टी व्यापक झाली असे म्हणता येईल.