रविवार कोणाच्या मालकीचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी ती ९ वरून १० तासांवर न्यावयाचे ठरले. तिमाहीतील जादा कामाची कमाल मर्यादा ११५ तासांऐवजी १४४ तास झाली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, असा खुलासाही सोबत करण्यात आला. उद्योगांना वाव मिळावा आणि रोजगार वाढावा, हा त्यामागील हेतू. तो प्रामाणिक आहे असे गृहीत धरले तरी, ज्या परळमध्ये सुटीची पहिली संघटित मागणी झाली त्या परळच्या इतिहासाशी हा निर्णय ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

१८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. गिरणीतील नोकरी सोडून ‘दीनबंधु’ पत्राची धुरा वाहणारे नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे प्रवर्तक होते. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगाकडे गेला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे १०,००० कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. आज दादरमधील एखादा कारकून रविवारी दहापर्यंत झोपतो, तेव्हा त्या झोपेला एवढा पूर्वेतिहास असतो.

या मागणीतील मर्म मात्र बहुधा नजरेआड होते. लोखंडे यांनी कामगाराला ‘जरा सावकाश घे’ असा उपदेश केला नाही. एकट्याने सावकाश घेतले असते तर दुसऱ्या दिवशी त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहिला असता. त्यांनी मागितले ते हे की, सर्व गिरण्या एकाच दिवशी बंद राहाव्यात. विश्रांती ही वरकरणी खासगी बाब दिसते. परंतु ती सर्वांना एकदम मिळाली तरच कोणा एकाला मिळते. हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात फार उशिरा आले. गिरणगावाला ते आधी कळले होते.

पुढचा प्रवास संथ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाच नाहीशी झाली. काम रात्रीपर्यंत लांबू लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ तास असा तो आकडा खाली येत गेला. १२ तासांवरून खाली उतरावयास या देशाला अशी कित्येक वर्षे लागली. पुन्हा वर चढावयास मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली.

देश गरीब आहे, तेव्हा अधिक राबले पाहिजे, असा युक्तिवाद यावर केला जातो. २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचा ९० तासांचा विचार गाजला. या मंडळींचे स्वतःचे कष्ट कोणी नाकारीत नाही. परंतु तास आणि उत्पादन या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगानेच नमूद केले होते की, लांबलचक दिवसात कामगार मधूनमधून साचा सोडून आवारात फिरतो, जेवतो, विडी ओढतो. मालक याला आळस म्हणत. वस्तुतः शरीराने कायद्याच्या आधीच आपली मर्यादा ठरवून घेतली होती, इतकेच. आजच्या कचेरीत रात्री आठपर्यंत साहेब उठण्याची वाट पाहणारा लेखनिक याहून निराळे काय करतो?

आता नोकरदारांचा हिशेब. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याच्या मोबदल्यात रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढली. दुसरा व चौथा शनिवार आधीच सुटीचा होता; म्हणजे महिन्याकाठी साधारण दोन शनिवार नव्याने हाती आले. त्यातील खरा लाभ कामाच्या तासांचा नसून प्रवासाचा आहे. बदलापूरहून मंत्रालयात येणाऱ्या कर्मचाऱ्याचे जाण्यायेण्यात साडेतीन तास जातात असे धरू. पाऊण दहा ते सव्वासहा, मधल्या सुटीसह, पाच दिवसांचे साडेबेचाळीस तास. त्यात प्रवासाचे साडेसतरा मिळवा; बेरीज ६० येते. लालबागच्या चाळीतून भोंगा ऐकून दहा मिनिटांत साच्यापाशी पोहोचणाऱ्या कामगाराच्या वाट्याला हा दुसरा हिशेब नव्हता. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उठले आणि माणसे विरार-बदलापूरकडे सरकली, तेव्हा कायद्याच्या पुस्तकात ४८ वर असलेला आठवडा लोकलच्या डब्यात १९२२ च्या आकड्यापाशी गुपचूप परतला. प्रवासाच्या तासांना वेतन नाही, म्हणून ते कोणाच्याच खर्चाच्या बाजूला मांडले जात नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा हिशेब रविवारीही संपत नाही. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटातील घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी ३०५ मिनिटे खर्च करतात. पुरुष करतात ८८. संध्याकाळी दादर स्थानकाबाहेर निवडलेल्या भाज्यांच्या पिशव्या विकल्या जातात आणि महिलांच्या डब्यात मांडीवर मटार सोलले जातात. याचे वर्णन पुष्कळांनी कौतुकाने केले आहे. कौतुक करणाऱ्यांनी मटार सोलले असते तर ते वर्णन बहुधा वेगळे झाले असते. निवडलेली भाजी चार पैसे अधिक देऊन घेणारी स्त्री भाजी नव्हे, अर्धा तास विकत घेत असते. ‘कामे कमी करा’ हा सल्ला तिला देणाऱ्याने आपण कोणते काम उचलणार, हे आधी सांगावे.

मध्यमवर्गाचा स्वतःचा वाटाही मान्य केला पाहिजे. रविवारी सकाळी सात वाजता पाठीवर दप्तर घेऊन शिकवणीला निघालेली मुले कोणत्या मालकाच्या हुकमाने निघालेली नसतात. शिवाजी पार्कवरील सभेत पुढची रांग उभी राहिली की मागच्यांना उभे राहावेच लागते. सगळ्यांचे पाय दुखतात आणि दिसते पूर्वीइतकेच. एका घराने शिकवणी सोडली तर नुकसान त्या घराचेच होते, म्हणून कोणीच सोडीत नाही.

अर्थात, फुरसत ही सर्वत्र दुर्मीळ नाही. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला आठवड्यातून तीन दिवस काम मिळते, आणि उरलेल्या दिवसांना सुटी म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळमधील हजारो घरांना रिकामा वेळ भरपूर मिळाला. तो कोणी मागितला नव्हता. काहींकडे श्वास घेण्याइतके तास नाहीत आणि काहींकडे विकण्याजोगे काम नाही, अशी ही विषम वाटणी आहे. पहिल्यांचा दिवस लांबवल्याने दुसऱ्यांना रोजगार कसा मिळेल, हे सप्टेंबरच्या निर्णयात स्पष्ट होत नाही. एकाच्या १२ तासांत दुसऱ्याचे ४ तास असू शकतात.

लेखी संमतीच्या तरतुदीबद्दलही भाबडेपणा नको. मूळ पगारात घर भागत नसेल तर दुप्पट दराच्या जादा कामाला कामगार होकारच देईल. तो होकार इच्छेचा आहे की भाड्याचा, हे कागदावरून कळत नाही. निदान दिलेली संमती मागे घेण्याचा निर्भय अधिकार आणि त्यावर देखरेख करणारे पुरेसे कारखाना निरीक्षक, एवढे तरी मागता येईल. कचेरीच्या वेळेनंतर येणाऱ्या निरोपांना उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले. खासगी विधेयके सहसा कायदा होत नाहीत. परळच्या अर्जालाही सहा वर्षे लागली होती. मात्र त्या अर्जामागे ५,५०० सह्या होत्या, आणि आजच्या शिक्षक-कारकुनांच्या संघटनांनी या विषयावर अजून सह्यांचा एकही कागद फिरवलेला दिसत नाही.